धर्मपालच्या सुरीची आड

नीलकंठ हेडाऊचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. नळाला पाणी पाचला, कामाची वेळ आठची. चारला उठायचं तसं काही कारण नव्हतं. पण कामावरच्या धर्मपालचा हात कापला त्या आठवड्यापासून त्याची झोप चारलाच मोडायची. डोळे न उघडता तो उजवा हात पांघरुणाबाहेर काढायचा आणि एकेक बोट वाकवून सरळ करायचा. सगळी बोटं वाकतात याची खात्री झाली की मग उठून बसायचा.

बायको वनमाला जागीच असायची. एकदा म्हणाली, "काय करून राहिले जी अंधारात? बोटं पळून जातात काय?"

"हात आखडते," तो म्हणाला.

हात आखडत नव्हता. त्याला भीती वाटत होती, आणि ती सांगायला त्याच्याकडे तोंड नव्हतं. रबर कापणारा माणूस सुरीला भितो, हे बायकोला सांगायचं कसं?

घर रायपूरच्या टिकरापारा वस्तीत, दोन खोल्यांचं, विटा उघड्या. छतावर जायला बाहेरून जिना होता, त्याला धरायला काही नव्हतं. छतालाही कठडा नव्हता. उन्हाळ्यात सगळे वर झोपायचे, तेव्हा नीलकंठ आपलं अंथरूण मुलीच्या आणि कडेच्या मधे टाकायचा. असा तो मुळातच धास्तीचा माणूस. पण कामातली धास्ती नवी होती.

काम भनपुरीकडच्या एका शेडमध्ये. झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं. रायपूर राजधानी झालं आणि शहर जिकडेतिकडे खोदलं गेलं. गिट्टी, सिमेंट, सळाख घेऊन ट्रक रात्रंदिवस धावायचे. टायर लवकर झिजायचे आणि शेडच्या दारात त्यांची रांग लागायची. नवं रबर चढवून, भट्टीत शिजवून झालं की कडेला फाजील रबर उरतं. ते सुरीनं तासायचं. कोरडी सुरी रबरात चिकटते, म्हणून टेबलापाशी साबणाच्या पाण्याची बादली असते. पातं बुडवायचं आणि कापायचं. पातं ओलं झालं की मूठ ओली होते, आणि मुठीमुळे हात.

धर्मपाल गजभिये भंडाऱ्याकडचा. शेडमधला सगळ्यात चांगला कापणारा. त्याची सुरी त्यानं स्वतः केली होती: ट्रकच्या कमानीच्या पट्टीचं पातं, बाभळीची मूठ. पातं आणि मूठ यांच्या मधे काही नाही. कोणाच्याच सुरीला नसायचं. त्या दिवशी टायरच्या जाड खांद्यात, म्हणजे कडेच्या वळणात, एक तुटकी तार दडलेली होती. धर्मपालनं अंगाचा भार देऊन टोक आत घातलं. टोक तारेवर आपटलं. सुरी थांबली. ओला हात मुठीवरून पुढं गेला आणि धारेवर उतरला.

समोरून टायर नीलकंठनं धरला होता. रक्त त्यानं नंतर पाहिलं. त्याच्या डोळ्यांसमोर राहिला तो धर्मपालचा चेहरा. कोणी तळहातावर काही ठेवलं असावं तसा धर्मपाल स्वतःच्या हातात बघत होता. मग शांतपणे म्हणाला, "नीलकंठ, सोड आता टायर."

टाके पडले, जखम भरली. पण चारही बोटं वाकेनात. धर्मपालला गेटवर बसवलं. ट्रक आला की डाव्या हातानं फाटक ओढायचं. आणि त्याची सुरी मुकादम दयारामनं धुवून नीलकंठसमोर ठेवली.

"अब तैं काट," दयाराम म्हणाला.

नाही म्हणणं सोपं नव्हतं. कापणाऱ्याला बरी मजुरी होती. नाही म्हटलं तर लोडिंग, म्हणजे दिवसभर ट्रकचे टायर चढवायचे, उतरवायचे. त्या कामात नीलकंठची कंबर एकदा गेली होती. पुन्हा गेली तर घरी बसावं लागलं असतं, आणि मुलीची, ज्ञानदाची, शाळा अजून बाकी होती. म्हणून त्यानं सुरी उचलली.

मुठीला चिंधी गुंडाळून तो कापू लागला. टोक रबरात घालायची वेळ आली की श्वास धरायचा. जोर अर्धाच द्यायचा. अर्ध्या जोरानं वेळ दुप्पट लागतो. दुपारपर्यंत मनगट भरून यायचं आणि टेबलाशेजारी टायरचा ढीग वाढत जायचा.

दयाराम मागं येऊन उभा राहिला. "का नीलकंठ, दुलहिन के घूँघट उठात हस का? थोरकिन जल्दी."

सगळे हसले. नीलकंठही हसला. त्याच संध्याकाळी त्यानं ठरवलं की सुरीला आड लावायची. पात्याच्या आणि मुठीच्या मधे पितळेचा एक अडथळा. हात घसरला तर तिथं थांबेल.

दयारामला सांगितलं तर तो म्हणाला, "आड लगाबे त रबर सपाट कइसे कटही?"

प्रश्न बरोबर होता. फाजील रबर तासताना पातं टायरच्या अंगाला आडवं टेकवावं लागतं. आड मधे आली तर पातं टेकत नाही, रबराची पायरी राहते, आणि तसा टायर परत येतो. म्हणून तर शेडमध्ये कोणाच्या सुरीला आड नव्हती.

"शनिच्चर के टेबल मा देखा," दयाराम म्हणाला. "सपाट कटिस त ठीक. नइ त आड निकाल, या लोडिंग मा जा."

नीलकंठनं सुरी घरी आणली आणि बराच वेळ नुसती हातात फिरवली. पातं टायरला टेकतं ते डाव्या अंगानं. बोटं असतात ती खाली, धारेच्या बाजूला. मग आड चारी अंगांनी कशाला हवी? डावं अंग पात्याच्या बरोबरीनं सपाट ठेवायचं. खाली आणि उजवीकडे तेवढी बाहेर काढायची.

गोल बाजारात भांड्यांच्या मोडीत त्याला पितळी खलाच्या बुडाचा तुकडा मिळाला. जाड, जुना, चिवट. काम संध्याकाळी उंबऱ्यावर बसून. आधी मूठ ठोकून काढली. मुठीत जाणारी पात्याची शेपटी मोकळी झाली. पितळेला हातगिरमिटानं ओळीत भोकं पाडली, भोकांच्या मधल्या भिंती बारीक कानशीनं काढल्या आणि लांबट खाच केली. पुढचं काम घाईचं नाही. कानस दोनदा मारायची, शेपटीवर घालून बघायचं, काढायचं, पुन्हा दोनदा मारायची. खाच सैल झाली की तुकडा वाया. आड हातानं जवळजवळ शेवटपर्यंत जावी आणि तांदळाच्या दाण्याएवढी जागा उरावी. ती जागा हातानं भरत नाही. लोखंडी नळीचा तुकडा वर धरून ठोकावं लागतं.

ज्ञानदा दप्तर टाकून बघत बसली. "पापा, ये क्या बना रहे हो?"

"आड."

"किसके लिए?"

तो कानस मारत राहिला. तिच्या आईनं आतून उत्तर दिलं, "तुह्या बापाच्या बोटांसाठी. पळून जातात नं ते."

आड बसली. दिव्यासमोर धरली तर फटीतून उजेड आला नाही. आता डाग द्यायचा राहिला, म्हणजे धातू वितळवून सांधा बुजवायचा, पाणी आत शिरू नये म्हणून. नीलकंठकडे फुंकणी नव्हती. तो सदर बाजारात नानांकडे गेला. नाना म्हणजे म्हातारे सोनार. त्यांचं घराणं भोसल्यांच्या वेळेपासून इथलं, असं ते येणाऱ्या प्रत्येकाला सांगत.

"बायका माझ्याकडे मंगळसूत्र घेऊन येतात," नाना चष्म्यावरून म्हणाले, "आणि तू सुरी घेऊन आलास. गिऱ्हाईक पळवतोस काय?"

"डाग द्याचा आहे नाना. बसतो इथंच."

"सुरी घेऊन दुकानात बसू नकोस, बाबा. समोर चहा पी. मग ये."

तो परत आला तेव्हा सुरी लखलखत होती. पितळ सोन्यासारखं, पातं आरशासारखं. नानांनी चांदीचा डाग दिला होता, वरून पॉलिश पेपर मारला होता आणि रिठ्याच्या पाण्यात ब्रशनं घासली होती. काळी पडलेली वस्तू त्यांच्या हातून कधी बाहेर जात नसे. "हा डाग तुझ्या नातवाच्या हातूनही सुटणार नाही," ते म्हणाले.

त्या रात्री नीलकंठला झोप लागली. चारला जाग आली नाही. नळाच्या आवाजानं आली.

शनिवारी दयाराम टेबलाशी हात बांधून उभा राहिला. नीलकंठनं पातं बुडवलं, डावं अंग टायरला टेकवलं आणि ओढलं. फाजील रबर एका लांब पट्टीत सुटलं. आड कुठंच अडली नाही. दयारामनं वाकून कापल्या जागेवरून अंगठा फिरवला. पायरी लागली नाही.

"हव," तो म्हणाला. त्याच्याकडून एवढंही पुष्कळ होतं.

पुढचा टायर जाड खांद्याचा निघाला. नीलकंठनं मुठीजवळची धार रबरावर टेकवली, कारण जाड रबर तिथूनच कापायला घेतात. सुरी थोडी गेली आणि अडकली. तार नव्हती, नुसती अडकली. त्यानं जोर दिला. आड आहे म्हणून पूर्ण जोर दिला, किती आठवड्यांनी पहिल्यांदा. सुरी हलली नाही. हात सुटला आणि ओल्या मुठीवरून पुढं गेला.

तर्जनी पितळेवर आपटून थांबली.

नीलकंठ तसाच उभा राहिला. मूठ सोडायला गेला तर हात उघडेना.  बोटावर रेघ पडली होती, रक्त नव्हतं. त्यानं दुसऱ्या हातानं एकेक बोट सुरीवरून सोडवलं.

दयारामनं सुरी उपसली आणि उजेडाकडे धरली. मुठीजवळची धार पोळीची कड दुमडावी तशी दुमडली होती.

"ये छुरी नोहय, चम्मच हे," तो म्हणाला. "आड बढ़िया हे, छुरी मर गे. सोमवार के दूसर छुरी धर, बिना आड के. नइ त लोडिंग."

नीलकंठला पहिल्यांदा वाटलं ते लोडिंगचं नव्हे. आड नसती तर, एवढंच त्याच्या डोक्यात फिरत होतं. संध्याकाळी गेटवर धर्मपालनं त्याला थांबवलं.

"दाखव माही सुरी. कशी केली ते पाहू दे."

धर्मपालनं ती गुडघ्यांत धरली, डाव्या हातानं जुनी कानस घेतली आणि पात्यावर फिरवली. टोकाकडे कानस घसरली. मुठीजवळ कानस चावली, लोखंडाचा भुगा निघाला.

"पाणी उतरलं हिचं, कडकपणा गेला," तो म्हणाला. "कोणं भाजली?"

"सदरच्या नानानं. चांदीचा डाग देला."

"अन् तू पाहून नाही राहिला?"

"चहा पिऊन राहिलो होतो."

धर्मपाल जोरात हसला. मग गंभीर झाला. "सोनं कितीबी तापव, सोनंच राहते. सोनाराले काय माहीत लोखंड नरम पडते म्हणून? पातं निळं पडलं असन. तू पाहिलं असतं तर समजलं असतं. त्याले वाटलं मैल आहे. घासून काढला त्यानं."

"मंग आता?"

"उद्या रविवार आहे. तुळशीरामची भट्टी आहे तुह्या टिकरापाऱ्याच्या मांगं. मी येतो. हात तुहे, डोळे माहे."

रविवारी सकाळी दोघं तुळशीराम लोहाराच्या भट्टीवर बसले. पातं पुन्हा तापवून आड ठोकून काढली. पातं पळसाच्या फुलाच्या रंगाचं झालं तेव्हा धर्मपाल "आता" म्हणाला, आणि नीलकंठनं ते तेलात घातलं. मग घासून उजळ केलं, मंद तापवलं आणि वाळल्या गवताचा रंग येताच काढलं. कानस फिरवली. सगळीकडून घसरली.

आता आड. धर्मपालनं आधी पात्याचे खांदे बघितले, म्हणजे पातं संपून शेपटी सुरू होते ती दोन्ही बाजूंची पायरी. एक खांदा केसभर पुढं होता.

"हे कोण सरळ करन?"

"उजेड तं नव्हता येऊन राहिला," नीलकंठ म्हणाला.

"एकाच खांद्यावर टेकली होती. उजेड नसला म्हणजे झालं काय? हात आडीवर आपटते तवा ती पुढं जाऊ पाहते. तिले डाग थांबवत नाही, भाऊ. खांदे थांबवतात. डाग फक्त पाण्यासाठी. म्हणून कथलाचा पुरते, त्याले आच कमी लागते."

पाणी चढवलेल्या पात्याला कानस लागत नव्हती. नीलकंठनं दगडावर घासून खांदा उतरवला. दुपार झाली. आतला कोपरा मात्र त्यानं किंचित गोल ठेवला, कारण धारदार कोपऱ्यातून पातं तडकतं हे धर्मपालनं दोनदा सांगितलं. गोल कोपरा आत मावावा म्हणून पितळेच्या खाचेची कड तेवढी घासली. मग आड ठोकून बसवली. शेवटचा दाणा नळीनं.

शेवटी डाग. ओल्या चिंधीचे वेढे पात्यावर दिले. धर्मपाल डाव्या हातानं चिंधीवर पाणी पिळत राहिला. नीलकंठनं तुळशीरामची फुंकणी घेतली आणि आच पितळेला शेपटीच्या अंगानं दिली. कथलाची तार दुसऱ्या हातात. तार लवकर लावली तर गोळी होऊन पडते. उशीर केला तर पातं निळं पडतं. त्यानं तार पितळेजवळ नेली आणि मागं घेतली. पुन्हा नेली, पुन्हा मागं घेतली.

"भेव वाटते?" धर्मपालनं विचारलं.

"हव." पहिल्यांदाच त्यानं कोणाला तरी सांगितलं.

"मले वाटत नव्हतं," धर्मपाल म्हणाला. त्यानं चिंधी पुन्हा भिजवली. "म्हणून चार बोटं गेली. घे, लाव तार."

तारेचं टोक पितळेला लागलं आणि कथील चकाकत खाचेभोवती पळालं. नीलकंठनं आच काढली. दोघं चिंधीकडे बघत राहिले. उकलल्यावर पातं गवताच्या रंगाचंच होतं. निळं कुठंच नव्हतं. डाग चिकटावा म्हणून लावलेला नवसागर आत राहिला तर लोखंड खातो, म्हणून सुरी धुण्याच्या सोड्यात उकळली आणि पुसली. मूठ बसवून झाली तेव्हा ऊन उतरलं होतं. नीलकंठनं सुरी धर्मपालपुढं धरली. धर्मपालनं ती उजव्या तळहातावर नुसती ठेवून घेतली. न वाकणाऱ्या बोटांवर ती थोडी डुगडुगली.

"जड झाली," तो म्हणाला. "चालते."

सोमवारी नीलकंठ चारला उठला. बोटं वाकवून बघितली.

शेडमध्ये दयारामनं स्वतः टायर निवडला, ढिगाच्या तळातला, जुन्या तारांचा. वाईट हेतू नव्हता. त्याला बघायचं होतं. नीलकंठनं पातं बुडवलं. कड सपाट तासली. मग खांद्यात टोक घातलं.  अर्ध्या जोरानं काही कळणार नव्हतं, म्हणून त्यानं अंगाचा भार दिला.

आत कुठंतरी तार होती. कट्कन आवाज झाला. सुरी थांबली.

हात पुढं गेला आणि पितळेवर थांबला.

नीलकंठनं डोळे मिटले होते. उघडले. धार पाहिली, टोकाला एक दात पडला होता, मुठीजवळ काही नाही. आड जागची हलली नव्हती. हात पाहिला. मग बाहेर गेला, टाकीच्या आडोशाला उभं राहून ओकला, तोंड धुतलं आणि परत येऊन तोच टायर पूर्ण कापला.  दुपारी जेवणाच्या सुट्टीत दयारामनं आपली स्वतःची सुरी नीलकंठच्या डब्याशेजारी ठेवली.

"मोरो मा लगा दे," म्हणाला. "चांदी नइ लगाना हे."

त्या टेबलावर नीलकंठनं पुढं म्हातारा होईपर्यंत कापलं. भीती गेली नाही. ती त्यानं घालवलीही नाही. धर्मपाल गेटवरून रोज संध्याकाळी विचारायचा, "किती आहेत?" नीलकंठ पंजा उघडून दाखवायचा आणि फाटकाबाहेर पडायचा.

काम सुटलं तेव्हा हातात आलेल्या पैशाचं काय करायचं यावर घरात बोलणं झालं. वनमालाला बाहेरून प्लास्टर आणि रंग हवा होता. "उघड्या विटांच्या घरात पोरीचं लग्न झालं, आतातरी लोकाइले घर दिसू द्या." नोकरीला लागलेली ज्ञानदा आपल्या मुलीला घेऊन माहेरी आली होती. ती म्हणाली, "पापा, पहले प्लास्टर करवा लो."

नीलकंठनं मिस्त्री बोलावला आणि जिन्याला लोखंडी कठडा लावून घेतला, खालच्या पायरीपासून वरच्यापर्यंत. मग छताला चारी बाजूंनी कमरेएवढी भिंत. मिस्त्री गेल्यावर त्यानं कठड्याची प्रत्येक सळई दोन्ही हातांनी हलवून पाहिली. एक हलली. मिस्त्रीला परत बोलावून ती पुन्हा जोडून घेतली. तेवढ्यात पैसे संपले. विटा उघड्याच राहिल्या.

त्या उन्हाळ्यात सगळे वर झोपले. नातीच्या आणि कडेच्या मधे आता भिंत होती, म्हणून नीलकंठनं अंथरूण मधोमध टाकलं.